दीड मिलिमीटर मोकळी जागा

कालपर्यंत माझा भरवसा सहा होता. शंभरात सहा. हे मी म्हणत नाही, पारख म्हणतं, आणि पारख म्हणालं की सगळे माना डोलावतात. आमच्या कोपऱ्यावरचा वडेवाला परवा हसत म्हणाला, "मालाक्का, तुमच्यापरीस माझ्या कढईतल्या तेलाचा भरवसा जास्त हाय." त्याला म्हटलं, "आधी ते तेल बदल, मग बोल माझ्याशी."

मी विजयमाला चौगुले. वय बासष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. माझ्याआधी ते माझ्या वडिलांचं होतं, अण्णांचं. आमच्याकडे फक्त जुन्या पेट्रोल गाड्या येतात, आणि त्यातही जास्त करून मयूर. मयूर तुम्ही कदाचित पाहिलीही नसेल. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची गाडी. कंपनी बंद पडून पन्नास वर्षं होत आली, पण ज्यांच्या घरी ती आहे ते तिला घरातल्या माणसासारखी सांभाळतात. सध्या दोन हजार बेचाळीस साल चालू आहे, आणि अशा गाड्या रस्त्यावर आणायच्या तर वारसा परवाना लागतो. परवाना टिकवायचा तर पारखचं ऐकावं लागतं.

पारख म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे सल्ले पूर्वी नेटवर नुसते सांडलेले असायचे. कुणी म्हणे रेडिएटर गळतोय तर हळद टाका, कुणी म्हणे अंडं फोडून घाला. लोक वाचायचे, करायचे, आणि मग गाडी ढकलत माझ्याकडे आणायचे. कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्न खराच होता. पारख हे सगळं वाचतं. दोन गोष्टी बघतं. एक म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली किती माणसं तेच सांगतात. दुसरी म्हणजे तो सल्ला पाळल्यावर किती गाड्या बिघडून परत आल्या. दोन्ही घालून शंभरातला एक आकडा काढतं, त्याला भरवसा म्हणतात. सल्ला देणाऱ्या माणसालाही तसाच आकडा मिळतो. नव्वदच्या वरचाच सल्ला पाळायचा, असा आता कायदा आहे. पाळला की नाही हे बघायला साक्षीपाना असतो. दिसायला साधा पाना, पण आत चिप. आटा किती फिरवला हे तो नोंदवतो. साध्या पान्याने चोरून दुरुस्ती केली तर परवानाच जातो. पारखच्या मनासारखं केलं तर हिरवा लागतो, नाहीतर लाल. हिरवा लागला तर गाडीला शिक्का, शिक्का असला तर विमा आणि परवाना.

यातलं निम्मं गणित माझ्या मुलीने, शर्वरीने मांडलंय. पुण्यात पारखच्या ऑफिसात ती मोठ्या हुद्द्यावर आहे. हळद आणि अंडी बंद झाली ती पारखमुळे, हे मी कधीच नाकारलं नाही.

मंगळवारी सकाळी इंगवले सर त्यांची मोतिया रंगाची मयूर घेऊन आले. सर भूगोल शिकवायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दर वर्षी मयूरवाल्यांची फेरी निघते. कोल्हापूरहून गगनबावड्याला जायचं, घाट उतरायचा आणि वैभववाडीत जेवायचं. यंदा रविवारी चौदा गाड्या जाणार होत्या. सरांबरोबर शोभावहिनीही निघाल्या होत्या, कारण त्यांचं माहेर घाटाखाली आहे आणि लग्न झाल्यावर त्या याच गाडीतून घाट चढून कोल्हापूरला आल्या होत्या.

"मालाक्का, ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा आणलाय," सर म्हणाले आणि त्यांनी खोका उघडला. "छापील. कंपनीचे मूळ आराखडे मिळाले म्हणे कुठल्यातरी कपाटात. त्यावरून यंत्राने धातूचा थर थर चढवून बनवलाय. केसाचाही फरक नाही."

वस्तू सुंदर होती, खोटं का बोला. मी जुना काढला, नवा बसवला आणि पेडलची दांडी जुळवायला घेतली. दांडीच्या टोकाशी दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडली, आणि साक्षीपाना लाल झाला.

पडद्यावर अक्षरं आली. मोकळी जागा दीड मिलिमीटर, भरवसा सहा. मोकळी जागा शून्य, भरवसा सत्त्याण्णव.

सर चष्मा सावरत वाकले. "सत्त्याण्णव म्हणजे बोर्डात आल्यासारखं आहे मालाक्का. सहा मिळालेल्याला आम्ही वर्गाबाहेर उभं करायचो."

"मग मला करा बाहेर उभं," मी म्हटलं. "पण शून्यावर मी ही गाडी सोडणार नाही. शून्यावर तुम्ही घाट उतरायला लागलात तर निम्म्यातच तुमचा पाय फळीला टेकेल आणि गाडी थांबायची नाही. शेजारी वहिनी असणार, सर."

सर मास्तर माणूस. घाबरले नाहीत, त्यांनी विचारलं, "कशावरून?"

मी त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे निपाणीच्या हुक्केरींची मयूर होती, पुढून चेंबलेली. महिन्यापूर्वी आंबा घाटात ती कठड्यावर आपटली. हुक्केरींचा पाय मोडला, जीव वाचला. पारखचा अहवाल आला की दुरुस्ती सत्त्याण्णव भरवशाची होती, त्यामुळे चूक चालवणाऱ्याची. मी चाक काढून सरांना ब्रेकचा ड्रम दाखवला. लोखंड तापून निळं पडलेलं होतं.

"हे एका उतारात होत नाही," मी म्हटलं. "ब्रेक न दाबताही ब्रेक लागून राहिले होते. हा बघा, यांचाही सिलिंडर छापील, आणि दांडी शून्यावर."

मग कागदावर काढून दाखवलं. तुम्हालाही सांगते, अवघड काही नाही. मास्टर सिलिंडरात एक दट्ट्या असतो. पेडल दाबलं की दांडी दट्ट्याला ढकलते, दट्ट्या ब्रेक ऑइलला ढकलतो, ऑइल चाकातले ब्रेक दाबतं. पाय उचलला की दट्ट्या मागे येतो, आणि पूर्ण मागे आला तरच एक सुईएवढं भोक उघडतं. ब्रेक तापले की ऑइलही तापून फुगतं. ते फुगलेलं ऑइल त्या भोकातून वरच्या डबीत परत जातं. दांडी आणि दट्ट्यात मोकळी जागा ठेवली नाही तर दट्ट्या शेवटच्या जरा आधीच अडतो आणि भोक झाकलेलं राहतं. ऑइलला जायला वाट नाही. मग ते आपणहून ब्रेक दाबायला लागतं. ब्रेक घासतात, आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. शेवटी ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऐन वळणावर पेडल दाबलं की नुसते बुडबुडे दबतात.

सरांनी कागदावरच्या भोकावर बोट ठेवलं. "मला पटतंय," ते म्हणाले. "पण शिक्का नसेल तर फेरीत घेणार नाहीत, आणि विना शिक्क्याची गाडी घाटात सापडली तर परवाना जाईल. वडिलांची गाडी आहे हो. तुम्ही नाही केलंत तर मला दुसरीकडून करून घ्यावं लागेल."

"सर, काय बोलताय तुम्ही? आत्ता पटलं म्हणालात ना!"

"पटलं ते तुमचं बोलणं. पण मालाक्का, एकीकडे तुम्ही एकट्या आणि दुसरीकडे एवढं जग. मी काय करू?"

सर गाडी घेऊन गेले. जाताना आठवणीने ओलं फडकं मागून घेतलं. घाटात पेट्रोल पंप तापला की त्यावर आम्ही ओलं फडकं टाकतो, इथली जुनी रीत. पारखवर तिचा भरवसा चार आहे. फडक्याला चार चालतात, आणि माझ्या सहावर घोडं अडतं! माझं डोकं असलं फिरलं की हातातला पाना मी भिंतीवर फेकला.

शर्वरीला फोन लावला. दिवाळीपासून आमचं नीट बोलणं नव्हतं. तेव्हा ती म्हणाली होती, "आई, गॅरेज बंद कर आता. तुझ्या हाताला पुरावा नसतो." मी तिला ताटावरून उठून जायला सांगितलं होतं. माझंही चुकलंच, पण ते तिला सांगितलं नव्हतं.

"तुझ्या त्या यंत्राने एकाचा पाय मोडलाय," मी सुरुवातच अशी केली. "आता इंगवले सरांना आणि वहिनींना मारायला निघालंय. मयूरच्या दांडीचा प्ले, ती मोकळी जागा, शून्य करा हे पहिल्यांदा कुठल्या गाढवाने लिहिलं ते शोध."

"आई, तो सल्ला एकेचाळीस हजार ठिकाणी आहे."

"एकेचाळीस हजार गाढवं एका दिवसात जन्माला येत नाहीत. पहिलं कुठलं ते सांग मला."

 ती म्हणाली, "बघते." माझ्या मुलीचा हा एक गुण आहे. भांडली तरी कामाचं ऐकते.

गुरुवारी सकाळी ती स्वतःच आली. खांद्याला पिशवी, डोळे तारवटलेले. मी चहा टाकला. तिने बाकावर बसून फोन माझ्यापुढे धरला. "सापडलं. वाच."

जून दोन हजार अठरा. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा गटावरचा मजकूर होता.

"मयूरचं पेडल खाली जातं म्हणून रडणाऱ्यांनो, नीट ऐका. दांडी शेवटपर्यंत फिरवा, प्ले शून्य करा. पेडल झकास वर येतं. आमच्या गॅरेजात दोनशे गाड्या अशा केल्यात, एकही परत आली नाही. पुस्तकात दीड लिहिलंय ते विसरा. पुस्तक लिहिणारा कधी गाडीखाली झोपलाय का?"

"बघ, बघ!" मी म्हटलं. "काय मग्रूर आहे मेला! असल्या लोकांना..."

"आई, खाली नाव वाच."

खाली लिहिलं होतं, उद्यमनगरची माला.

चहा उतू गेला, तो शर्वरीने उतरवला.  ते गाढव मीच होते. आणि वाईट म्हणजे तो मजकूर लिहिताना मला किती मजा आली होती ते मला जसंच्या तसं आठवलं. लोकांनी वाहवा केली होती. अण्णा शेजारी होते, त्यांनाही मी वाचून दाखवलं होतं, आणि ते हसले होते.

"पण हे खरं होतं," मी म्हटलं. "दोनशे गाड्या केल्या होत्या. एकही परत आली नाही. देवाशपथ."

"मला माहिती आहे. म्हणून तर मी आले. खरं होतं तर आता खोटं कसं झालं?"

मी स्टुलावर चढले आणि फळीवरून अण्णांच्या हातचा जुना मास्टर सिलिंडर काढला. काळा, ओबडधोबड, आमच्याच फाउंड्रीत ओतलेला. कंपनी बंद पडल्यावर मयूरचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा उद्यमनगरने ते स्वतः बनवले. अण्णांनी सिलिंडरचा नमुना घेतला तो एका झिजलेल्या सिलिंडरवरून. त्यामुळे ते सुईएवढं भोक तीन मिलिमीटर पुढे पडलं. पेडल थोडं खाली राहायचं, म्हणून आम्ही दांडी शून्यावर आणायचो. भोक पुढे असल्यामुळे शून्यावरही ते उघडं राहायचं. छापील सिलिंडर मूळ मापाचा, त्याचं भोक मागे, म्हणून त्याला दीडच हवं. सगळ्या गल्लीने अण्णांचाच नमुना उचलला, आणि तीस-चाळीस वर्षं देशभरातल्या मयूरना हाच सिलिंडर गेला.

"मग पोस्टमध्ये हे का नाही लिहिलंस?" शर्वरीने विचारलं. "की आमच्या सिलिंडरलाच शून्य चालतं म्हणून?"

"अगं, इथे कोण असं बोलतं? उद्यमनगरात मास्टर सिलिंडर म्हणजे आमचाच. दुसरा होताच कुठे? मिठाला कोणी खारट मीठ म्हणतं का?"

 शर्वरी उठली, जवळ आली आणि तिने तो काळा सिलिंडर माझ्या हातातून घेऊन बोटाने ते भोक चाचपलं.

मग तिने पुढचं सांगितलं. माझा मजकूर कुणीतरी हिंदीत नेला, कुणी तमिळमध्ये, कुणी त्याचे व्हिडिओ केले. पुढे दुरुस्तीची पुस्तकं यंत्रंच लिहायला लागली, त्यांनी तो तिथून उचलला. प्रत्येकाने शब्द बदलले, त्यामुळे पारखला वाटलं की ही वेगवेगळी माणसं आहेत. आणि दुसऱ्या कसोटीतही सल्ला खरा उतरला, कारण गाड्यांमध्ये कोल्हापुरी सिलिंडर होता आणि गाड्या खरोखरच परत येत नव्हत्या. छापील भाग बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

"दोन्ही पेपरांत तू पास झालीस, आई," ती म्हणाली. "माझं गणित बरोबर होतं. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच."

"मग आता मीच सांगते की नका ठेवू!"

तिथल्या तिथे बसून मी पारखला लिहिलं की तो सल्ला माझा आहे, अपुरा आहे, छापील सिलिंडरला शून्य ठेवलं तर ब्रेक जातील. दोन मिनिटांत उत्तर आलं. दाव्याचा भरवसा सहा. कारण, एकाच व्यक्तीचं म्हणणं, आधीच्या एकेचाळीस हजार नोंदींशी विसंगत. माझाच शब्द, आणि मलाच परत घेता येईना!

शर्वरीने तिच्या साहेबांना फोन केला, अर्धा तास बोलली. फेरतपासणी होईल, पंचेचाळीस दिवस लागतील.

"तू आतून आकडा बदल ना," मी म्हटलं. "तुला येतं ते."

"येतं. पण करणार नाही. आज मी आईसाठी बदलला तर उद्या कुणीही कुणासाठीही बदलेल. मग पुन्हा हळद आणि अंडी."

मला राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम आले की काय करायचं ते मला कधी कळलेलं नाही, म्हणून मी तिला पोहे करून घातले.

शनिवारी सरांचा फोन आला. दुसऱ्या गॅरेजात दांडी शून्यावर करून घेतली, शिक्का मिळाला. आवाज पडलेला होता. "रागावू नका मालाक्का. पेडल मात्र छान वर आलंय हो."

"येणारच की," मी म्हटलं. "मीच लिहिलंय तसं."

रविवारी सकाळी सात वाजता रंकाळ्याच्या काठावर चौदा मयूर रांगेत उभ्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, बॉनेटवर झेंडूच्या माळा. त्यातल्या नऊ गाड्यांत छापील सिलिंडर होता. पारखचा तपासनीस वाघमोडे हातात पाटी घेऊन शिक्के तपासत फिरत होता. मी जॅक खांद्यावर टाकून शर्वरीबरोबर आले आणि सरांच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

"ही गाडी इथून हलायची नाही," मी म्हटलं.

वाघमोडे धावत आला. "ताई, बाजूला व्हा. गाडीला शिक्का आहे. तुमचा भरवसा..."

"सहा. माहिती आहे. बोंबलून सांगा सगळ्यांना, मी अडवत नाही. मी फक्त एक मागते. सरांनी रंकाळ्याला दोन फेऱ्या माराव्यात. वळणावर, चौकात, घाटात दाबाल तसे ब्रेक दाबत या. नऊ किलोमीटर होतील. मग काय ते बघू."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मारा की. एवढं अक्का सांगतायत तर काय बिघडतंय?"

निघण्याआधी मी पुढचं चाक जॅकवर उचललं आणि वहिनींना ते फिरवून बघायला सांगितलं. एका बोटाने फिरलं. लोक हसले. मग सर दोन फेऱ्या मारून आले. तिसरी मारू का म्हणाले, तर मी नको म्हटलं, कारण जवळ येतानाच मला ब्रेक जळल्याचा वास आला होता.

"पेडलवरून पाय काढा सर. गिअर न्यूट्रलला टाका आणि खाली उतरा."

चाक पुन्हा उचललं. वहिनींना म्हटलं, "फिरवा आता."

वहिनींनी बोट लावलं, मग हात लावला, मग पदर खोचून दोन्ही हातांनी जोर केला. चाक जागचं हललं नाही. ड्रममधून धग येत होती.

"गाडीत तर कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "मग ब्रेक कोण दाबतंय?"

"तापलेलं ऑइल दाबतंय. परत जायची वाट बंद आहे. आता बघा." मी गाडीखाली सरकले आणि चाकामागची ब्लीडरची, म्हणजे ऑइल बाहेर सोडायची, निपल पाव आटा सैल केली. ऑइलची चिळकांडी उडाली, माझ्या बाहीवर आली. "फिरवा वहिनी!"

चाक गरकन फिरलं.

आता कुणी हसत नव्हतं. मी बाही पुसत उभी राहिले आणि जे बोलायला तीन दिवस जीभ रेटत नव्हती ते बोलले. "हा सल्ला पहिल्यांदा मी लिहिला. चोवीस वर्षांपूर्वी. आमच्या कोल्हापुरी सिलिंडरला तो बरोबर होता, आणि सिलिंडर आमचा आहे हे लिहायचं मी विसरले. हुक्केरींचा पाय माझ्या त्या ओळीने मोडला. मी निपाणीला जाऊन त्यांचे पाय धरणार आहे. पण आज त्या ओळीवर तुमच्यातलं कोणी घाट उतरणार असेल तर आधी मला चिरडून जा."

वाघमोडे बिचारा घामाघूम झाला होता. "ताई, प्रयोग बघितला मी. पण हा एकच प्रयोग आहे. पारखला पुरत नाही. तुम्ही दांडी सैल केलीत तर पाना लाल होणार, शिक्का जाणार, परवाने अडकणार. मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. तुम्ही फक्त खरं काय दिसलं ते लिहा."

सर पुढे आले. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याने काचेवरचा हिरवा शिक्का नखाने सोलून काढला आणि वाघमोडेच्या हातात दिला. "मालाक्का, दीड करा," ते म्हणाले. "आणि मंगळवारचं माफ करा."

मी साक्षीपाना घ्यायला हात पुढे केला, तर तो आधीच शर्वरीच्या हातात होता.

"माझ्या नावावर नोंदवा," ती वाघमोडेला म्हणाली. "शर्वरी चौगुले, पारख, पुणे कार्यालय. आकड्याला मी हात लावला नाही आणि लावणारही नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं नोंदवायला मला कुणी अडवू शकत नाही."

"शरू, नोकरी जाईल," मी हळूच म्हटलं.

"जाऊ दे. तू फक्त दांडी कुठून धरायची ते सांग. मला लहानपणी शिकवलं होतंस, पण मी विसरलेय."

मी सांगत गेले आणि ती गाडीखाली झोपून करत गेली. पाना लाल झाला. दुसरी गाडी, पुन्हा लाल. नऊपैकी सात जणांनी शिक्के सोलले. दोघे परवान्याच्या भीतीने घरी परतले. त्यांना मी नावं ठेवत नाही, गाडी घरात सुखरूप राहिली हे काय कमी आहे? कोल्हापुरी सिलिंडरच्या पाच गाड्या होत्याच. बारा मयूर गगनबावड्याच्या रस्त्याला लागल्या. सरांच्या पंपावर माझं ओलं फडकं होतं.

दुपारी एकला वैभववाडीहून वहिनींचा फोन आला. "उतरलो हो अक्का. खाली आल्यावर मी स्वतः चाक उचलायला लावलं आणि फिरवून बघितलं. एका बोटाने फिरतंय. आता सोलकढी पितोय." मी फोन ठेवला आणि गॅरेजच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. शर्वरी शेजारी बसली होती. तिने माझी ऑइलने माखलेली बाही धरून ठेवली होती.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. माझ्या गॅरेजचा परवाना सहा महिने स्थगित आहे. ती नोटीस मी दारावरच डकवली आहे, लोकांना वाचू दे. सात परवाने चौकशीत अडकलेत, आणि सर दर सोमवारी सुनावणीला कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातात. हुक्केरींनी मला पाया पडू दिलं नाही, पण एक तास शिव्या दिल्या, आणि मी त्या मान खाली घालून ऐकल्या. शर्वरी घरीच आहे, बिनपगारी. छापील सिलिंडर बसवलेल्या देशभरातल्या मयूरवाल्यांना ती एकेक करून फोन करते, आणि जॅक कसा लावायचा ते समजावते. चारशे बारा झाले, अजून बरेच बाकी आहेत.

काल पारखने माझा आकडा नव्याने काढला. वाघमोडेने जे पाहिलं ते लिहिलं होतं, त्याचा परिणाम. आता मी सात आहे.

आज सकाळी सोलापूरचा एकजण मयूर घेऊन आला. दारावरची नोटीस वाचली, फोनवर माझा भरवसा बघितला आणि म्हणाला, "ताई, सात? तुमच्यावर विश्वास कशाला ठेवायचा?"

"अजिबात ठेवू नका," मी म्हटलं. "मागे एकदा लोकांनी ठेवला होता." आणि जॅक त्याच्या हातात दिला. "चाक उचला आणि स्वतः फिरवून बघा."